‘डॉख’ : जर्मन लोकांचं ‘आहे की!’

श्टुटगार्टला राहायला गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर लिहिलं होतं ‘केअरवॉखे’. म्हणजे या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आमची. श्वाबी लोक, म्हणजे या भागातले लोक, ही पाळी फार कसोशीने पाळतात. जिना स्वच्छ करायचा आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर नेऊन लावायची. मी शनिवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन आमच्या मजल्याचा जिना अगदी कोपरे खरवडून पुसला. दुपारी घरमालकीणबाई भेटल्या आणि त्यांनी विचारलं, “हाबन झी डी केअरवॉखे निश्ट गेमाख्ट?” तुम्ही केअरवॉखे केली नाहीत का?

मला म्हणायचं होतं, ‘अहो, केली की!’ जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात एवढं येत होतं. म्हणून म्हणाले, “या.” बाईंच्या कपाळावर आठी. त्यांनी तोच प्रश्न जरा सावकाश पुन्हा विचारला. मी आणखी ठासून म्हणाले, “या, या!” आता तर त्यांचा चेहराच उतरला. पुढे कळलं, की असं दोनदा झटक्यात ‘या या’ म्हणणं म्हणजे ‘हो हो, ऐकलं, पुरे’ असं झिडकारणं.

वरच्या मजल्यावरची सहा-सात वर्षांची मुलगी कठड्यावरून वाकून हे ऐकत होती. सकाळी ओल्या पायऱ्यांवरून तिला मी पाय पुसून जायला लावलं होतं, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. ती वरूनच ओरडली, “डॉख! हाट झी!” केली की त्यांनी! बाईंनी पायऱ्यांकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि गेल्या.

त्या मुलीने एका शब्दात जे केलं ते मला पूर्ण वाक्यानेही जमलं नव्हतं. तो शब्द हा, ‘डॉख’. रोमन लिपीत डी, ओ, सी, एच. शब्दकोशात याचे अर्थ ‘पण’, ‘तरीही’, ‘अवश्य’, ‘खरोखर’ असे एकाखाली एक दिलेले असतात आणि ते वाचून नवखा माणूस जास्तच गोंधळतो. माझं ठाम मत असं आहे, की हा शब्द मराठी माणसाला इतर कित्येकांपेक्षा सोपा जायला हवा, कारण याची सगळी कामं आपण रोज ‘की’, ‘ना’ आणि ‘च’ यांच्याकडून करून घेतो. फक्त ते ओळखता आलं पाहिजे. तेच या लेखात पायरीपायरीने करू. जर्मन वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे आधी कानाची ओळख होईल. रोमन लिपीतलं स्पेलिंग पुस्तकात भेटेलच.

पहिली पायरी : तोंडात बसवा

स्पेलिंग बघून पहिल्यांदा तोंडातून ‘डोच’ निघतं, नाहीतर ‘डॉक’. दोन्ही चूक. यातला ‘ऑ’ आखूड आहे, ‘डॉक्टर’मधल्यासारखा, लांबवायचा नाही. शेवटचा आवाज आपला ‘ख’ही नाही. ‘ख’ म्हणताना आपण जीभ मागे टेकवून सोडतो. इथे ती टेकवायचीच नाही, नुसती जवळ नेऊन हवा घासत बाहेर सोडायची. घशात अडकलेला माशाचा काटा काढताना होतो तसा, पण हलका आवाज. उर्दूतला ‘ख़बर’ किंवा ‘ख़्वाब’ नीट ऐकला असेल तर तोच.

‘ड’ही आपल्याइतका जाड नको. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या हिरडीला लावा, म्हणजे ‘द’ आणि ‘ड’ यांच्या मधलं काहीतरी येईल. सरावाला ‘नॉख’ हा शब्द जोडीला घ्या, त्याचा अर्थ ‘अजून’. ‘डॉख, नॉख, डॉख, नॉख’ असं भांडी घासताना दहा-वीस वेळा म्हटलं की घसा तयार होतो.

दुसरी पायरी : उत्तरातला ‘डॉख’

इथे जरा थांबू, कारण रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

मराठीत कुणी विचारलं, “तू जेवली नाहीस?” तर आपण काय म्हणतो? जेवलो नसलो तर, “हो, नाही जेवले अजून.” आणि जेवलो असलो तर, “नाही नाही, जेवले की!” जरा बारकाईने पाहा. आपला पहिला ‘हो’ किंवा ‘नाही’ जेवणाबद्दल नाहीच. समोरच्याने मनात जे धरलं आहे त्याबद्दल तो आहे. तुझा अंदाज बरोबर असेल तर ‘हो’, चुकला असेल तर ‘नाही’.

जर्मन माणूस उत्तर देतो ते थेट जेवणाबद्दल. “हास्ट डू निश्ट गेगेसन?” या प्रश्नाला जेवलो नसलो तर उत्तर “नाइन”, म्हणजे नाही. आणि जेवलो असलो तर “डॉख”. म्हणजे आपल्या सवयीचे दोन्ही शब्द इथे नेमके उलटे पडतात. आपण ‘जेवले की’ या अर्थाने ‘नाइन’ म्हणतो आणि यजमानीण ताट वाढायला घेते. आपण ‘हो, नाही जेवले’ म्हणून ‘या’ म्हणतो आणि ती बिचारी बघत राहते, कारण ‘निश्ट’ (नाही) असलेल्या प्रश्नाला नुसता ‘या’ हे उत्तरच तिच्या भाषेत बसत नाही.

त्यासाठी एक साधी रीत लावून घ्या. प्रश्न ऐकला की समोरच्याला काय वाटतंय याचा विचार करूच नका. फक्त खरं काय आहे ते पाहा. खरी गोष्ट ‘नाही’ असेल तर डोळे मिटून ‘नाइन’. खरी गोष्ट ‘आहे’ असेल, तर प्रश्नात नकार होता का ते आठवा. नकार नव्हता तर ‘या’, नकार होता तर ‘डॉख’. बस, एवढंच. सुरुवातीला उत्तराला दोन सेकंद उशीर लागतो, तो लागू द्या.

नकार ओळखायचा म्हणजे नुसता ‘निश्ट’ शोधायचा नाही. ‘काइन’ (एकही नाही), ‘निश्ट्स’ (काहीच नाही), ‘नी’ (कधीच नाही), ‘नीमान्ट’ (कुणीच नाही) हेही त्यातच येतात. दुकानात गल्ल्यावर “हाबन झी काइने कार्टे?” असं विचारलं आणि तुमच्याकडे कार्ड आहे, तर “डॉख, हिअर.” आणि प्रश्नच हवा असंही नाही. कुणी नुसतं विधान केलं, “डू रूफ्स्ट मिश नी आन”, तू मला कधी फोन करत नाहीस, तर तुमचं “डॉख!” म्हणजे आपलं “करते की!”

मराठीत ‘की’ एकटा उभा राहू शकत नाही. त्याला आधी क्रियापद लागतं, ‘केलं की’, ‘आहे की’, ‘गेले की’. ‘डॉख’ मात्र एकट्याने सगळं काम करतो. ही त्याची मोठी सोय आहे. पण त्यात एक धोकाही आहे. नुसता खणखणीत “डॉख!” मोठ्यांच्या तोंडी हट्टी वाटतो. लहान मुलं भांडतात तेव्हा “नाइन!” “डॉख!” “नाइन!” “डॉख!” असं पाच मिनिटं चालतं, अगदी आपल्या “आहे!” “नाहीये!” “आहे!”सारखं. म्हणून अनोळखी माणसाशी किंवा वयाने मोठ्यांशी बोलताना पाठोपाठ छोटं वाक्य जोडा. “डॉख, इश हाबे शोन गेगेसन.” अहो, जेवले मी. किंवा निदान “डॉख, क्लार”, म्हणजे हो, अर्थातच. मग तोच शब्द मऊ होतो.

दोनदा म्हटलेला “डॉख, डॉख” हा धीर देणारा असतो. जेवताना यजमानीण विचारते, “श्मेक्ट एस इनन निश्ट?” आवडलं नाही का? तुम्ही घाईने म्हणता, “डॉख, डॉख!” छे छे, आवडलं की! मगाचा ‘या या’ झिडकारतो आणि हा ‘डॉख डॉख’ समजूत घालतो. हा फरक मी फार उशिरा शिकले.

आग्रहाच्या प्रश्नातही तो असतो. “म्योश्टन झी निश्ट नॉख आइन श्ट्युक कूखन?” केकचा अजून एक तुकडा नको का? हवा असेल तर “डॉख, गेर्न!” (हवा की, आनंदाने) म्हणा. आपल्याकडे आधी दोनदा ‘नको नको’ म्हणायची रीत आहे आणि तिसऱ्यांदा वाढलं जाईल याची खात्रीही असते. माझ्या अनुभवात तिथे पहिलं ‘नाइन’ खरं मानलं जातं आणि बशी पुढच्या माणसाकडे सरकते. तेव्हा हवं असेल तर पहिल्याच फेरीत ‘डॉख, गेर्न’.

दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी थोडं जास्त

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासाठी करार झाला. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. तिकडे जायच्या तयारीने जर्मन शिकणाऱ्या परिचारिका आणि तंत्रज्ञ आता आपल्या ओळखीपाळखीतही भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सकाळची वेळ आहे, वॉर्डातल्या आजींना तुम्ही विचारता, “हाबन झी डी टाब्लेटे नॉख निश्ट गेनोमन?” गोळी अजून घेतली नाहीत का? आजी म्हणतात, “डॉख.” याचा अर्थ त्यांनी गोळी घेतली आहे. प्रश्नातला ‘निश्ट’ आपल्या डोक्यात घुमत असतो, उत्तरात ‘या’ ऐकू आलेलं नसतं, आणि दमलेल्या डोक्याला वाटतं, नसेल घेतली. मग दुसरी गोळी हातात. असं होऊ नये यासाठी दोन सवयी लावा. एक, शक्यतो नकार न घालता विचारा. “हाबन झी डी टाब्लेटे शोन गेनोमन?” गोळी घेतली का? उत्तर ‘या’ किंवा ‘नाइन’, भानगड नाही. दोन, पाळी बदलताना वरिष्ठ नर्सने “हाट झी निश्ट्स गेगेसन?” (त्यांनी काहीच खाल्लं नाही का?) विचारलं, की एका शब्दावर थांबू नका. “डॉख, आइनन योगुर्ट.” खाल्लं, एक दही खाल्लं. किंवा “नाइन, निश्ट्स.” पूर्ण सांगितलेलं कधी वाया जात नाही. परिचारिकांना तिथे मान्यता मिळवायला साधारण बी-टू, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पातळीची जर्मन लागते, पण हा शब्द ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या वर्गातच भेटतो. तेव्हा तो नुसता परीक्षेपुरता घोकू नका.

तिसरी पायरी : वाक्याच्या पोटातला ‘डॉख’

उत्तरातला ‘डॉख’ जोरात म्हटला जातो. वाक्याच्या मधे येणारा ‘डॉख’ इतका हलका असतो, की नवख्याला तो ऐकूच येत नाही. त्याच्यावर आवाज चढत नाही आणि काढून टाकला तरी वाक्याचा अर्थ बदलत नाही. बदलतो तो सूर. मराठीत ‘ना’ आणि ‘की’ काढून बोलून बघा, म्हणजे कळेल. “आत या” आणि “आत या ना” यात जेवढं अंतर आहे तेवढंच.

आणि खरंच, पहिला उपयोग हाच.

“कोमन झी डॉख राइन!” आत या ना.
“झेत्सन झी झिश डॉख!” बसा ना.
“रूफ डॉख माल आन!” फोन कर ना कधीतरी.

शेवटच्या वाक्यातल्या ‘माल’ची आणि ‘डॉख’ची जोडी फार लाडकी आहे. ‘डॉख माल’ आलं की आज्ञा एकदम घरगुती होते. ‘डॉख’ नसलेलं “कोमन झी राइन” हे डॉक्टरांच्या खोलीतून येतं, ‘डॉख’वालं शेजारच्या स्वयंपाकघरातून.

पण ‘ना’ जसा चिडूनही येतो तसा हाही येतो. “झाइ डॉख श्टिल!” गप्प बस ना! इथे आपल्याला वेगळं काही शिकायचं नाही. ज्या सुरात मराठी ‘ना’ गोड लागतो त्या सुरात ‘डॉख’ गोड, ज्या सुरात तो टोचतो त्या सुरात हाही टोचतो.

दुसरा उपयोग आठवण करून देण्याचा, म्हणजे आपला ‘की’. “डास वाइस्ट डू डॉख.” तुला माहीत आहे की. “इश हाबे एस डिअर डॉख गेझाग्ट.” सांगितलं होतं की तुला. यात नेहमी थोडी तक्रार असते, की तुला हे ठाऊक असताना तू वेगळं का वागतोयस? घरात, मित्रांत ते चालतं. कार्यालयात, साहेबांशी किंवा पत्रात मात्र जपून. “मी आपल्याला कागदपत्रं सोमवारी पाठवली आहेत” ही माहिती झाली. त्यात ‘डॉख’ घातलात की तेच वाक्य “पाठवली होती की तुम्हाला!” असं होतं आणि वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात. ई-मेलमध्ये हा ‘डॉख’ पहिलं वर्षभर वापरूच नका असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

तिसरा उपयोग खात्री करून घेण्याचा. “डू कोम्स्ट डॉख मिट?” येतोयस ना बरोबर? इथे एक सापळा आहे. प्रश्नात ‘डॉख’ ऐकला म्हणून उत्तरही ‘डॉख’ द्यायचा मोह होतो. पण या प्रश्नात नकार कुठे आहे? नाही. मग येणार असाल तर साधं “या”. उत्तरातला ‘डॉख’ फक्त नकाराला. हे वर्गात निम्म्याहून जास्त जण चुकतात, आणि मीही खूप दिवस चुकत होते.

याच घरातलं एक गोड वाक्य आहे, “वी हीस एअर डॉख ग्लाइश?” नाव माहीत आहे, जिभेवर आहे, पण येत नाही, तेव्हा म्हणतात. आपलं “काय बरं त्याचं नाव?” यातल्या ‘बरं’ला दुसऱ्या भाषेत शब्द सापडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ‘डॉख ग्लाइश’ पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी आईला मुद्दाम फोन करून हे सांगितलं होतं.

बाकी काही वाक्यं तयार मिळतात, ती तशीच उचलावीत. “डास गिप्ट्स डॉख निश्ट!” म्हणजे असं कसं होईल! “इस्ट डॉख एगाल”, काय फरक पडतो. कुणाच्या हातून पाणी सांडलं तर “माख्ट डॉख निश्ट्स”, असू दे हो. आणि पश्चात्तापाचं, “वेरे इश डॉख त्सू हाउझे गेब्लीबन!” घरीच राहिले असते तर बरं झालं असतं.

चौथी पायरी : जागा

मराठीत ‘की’ आणि ‘ना’ शेपटीला लागतात, म्हणून आपण जर्मनमध्येही ‘डॉख’ वाक्याच्या शेवटी टाकतो. “इश हाबे गेझाग्ट डॉख” असं कुणी बोललं की ओळखावं, मराठी माणूस आहे. हा हलका ‘डॉख’ मधे बसतो. क्रियापद झालं, ‘मी-तू-ते’ ही छोटी सर्वनामं झाली, की त्यांच्यानंतर आणि नव्या माहितीच्या आधी. “इश हाबे डिअर डास डॉख गेस्टर्न गेझाग्ट.” मी, तुला, हे, आणि मग डॉख, मग ‘काल’ आणि ‘सांगितलं’. “डास वाइस्ट डू डॉख” यात तो शेवटी दिसतो, पण ते केवळ त्याच्यापुढे सांगायला काही उरलं नाही म्हणून.

अर्ध्या वाक्याच्या सुरुवातीला आला तर तो वेगळाच, ‘पण’ या अर्थाचा. “यायचं होतं, डॉख आजारी होते.” हा पुस्तकात, बातम्यांत जास्त. बोलताना ‘पण’साठी ‘आबर’ म्हणा आणि पुढे चला.

पाचवी पायरी : ठासून म्हटलेला ‘डॉख’

आता ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. शब्द तेच, क्रम तोच.

“एअर इस्ट डॉख गेकोमन”, जोर ‘गेकोमन’वर. अर्थ : आलाय की तो.
“एअर इस्ट डॉख गेकोमन”, जोर ‘डॉख’वर. अर्थ : आलाच शेवटी!

पहिल्यात आपला ‘की’, दुसऱ्यात ‘च’. जोर पडलेला ‘डॉख’ म्हणजे वाटलं होतं एक, झालं दुसरंच. गॅलिलिओने पृथ्वीबद्दल पुटपुटल्याची जी आख्यायिका आहे, ‘तरीही ती फिरतेच’, ती जर्मनमध्ये सांगतात तेव्हा “उन्ट झी बेवेग्ट झिश डॉख!” असं म्हणतात. तिथे सगळं वजन शेवटच्या शब्दावर आहे. तुम्ही काहीही म्हणा, फिरतेच ती.

रोजच्या वापरात हा ‘डॉख’ मन बदलताना हाताशी येतो. हॉटेलात कॉफी सांगितली आणि मग वाटलं चहा बरा, तर “इश नेमे डॉख लीबर आइनन टे.” नको, चहाच घेते. एवढं म्हटलं की वेटरला पुढचं समजावावं लागत नाही. आणि एखादी गोष्ट ऐकीव होती, ती शेवटी खरी निघाली, तर नुसतं “आल्झो डॉख!” म्हणजे खरंच होतं तर!

सराव कसा करायचा

पहिला आठवडा बोलू नका, ऐका. छोटी वही घ्या, तीन रकाने आखा, ‘उत्तर’, ‘हलका’, ‘ठासून’. ट्राममध्ये, पाळणाघराच्या फाटकाशी, बेकरीच्या रांगेत जेवढे ‘डॉख’ कानावर पडतील तेवढ्या रेघा ओढा. वाक्य कळलं नाही तरी चालेल, सूर कळतो. मुलं खेळत असतील तिथे पहिला रकाना अर्ध्या तासात भरतो. पुण्या-मुंबईत राहून शिकत असाल तर जर्मन मालिका लावून हेच करता येतं. मॅक्स म्युलर भवनाच्या किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गाला जात असाल तर शिक्षक आपापसात बोलताना कान द्या. पाठ्यपुस्तकातल्या संवादापेक्षा तिथे ‘डॉख’ जास्त सापडतो.

दुसऱ्या आठवड्यात फक्त उत्तरातला. घरातल्या कुणालाही बसवा आणि नकाराचे प्रश्न मराठीतच विचारायला सांगा. “तू आंघोळ नाही केलीस?” “तुझ्याकडे छत्री नाही?” “तुला कारलं आवडत नाही?” तुम्ही उत्तर द्यायचं फक्त ‘डॉख’ किंवा ‘नाइन’. मधेच एखादा होकारी प्रश्न घुसवायला सांगा, म्हणजे ‘या’ची परीक्षा होईल. प्रश्न मराठीत असल्यामुळे सगळं लक्ष त्या एका शब्दावर राहतं. आमच्याकडे हा खेळ मुलांना इतका आवडला, की आता कारल्याच्या भाजीवरूनही ‘नाइन’ आणि ‘डॉख’ चालतं.

नंतर हलका ‘डॉख’ घ्या, आणि तो एकेका तयार वाक्यातून. पाहुणे आले की “कोमन झी डॉख राइन”. ते दहा वेळा सहज तोंडी आलं की दुसरं वाक्य. आपलं आपण नवं वाक्य बनवताना आधी ते मराठीत मनात म्हणा. मराठीत आपोआप ‘ना’ किंवा ‘की’ आला, तर ‘डॉख’ घालायला हरकत नाही. नाही आला, तर घालू नका. शंभरातल्या सगळ्या ठिकाणी हे बसणार नाही, पण प्रत्येक वाक्यात ‘डॉख’ पेरणाऱ्या नवख्यापेक्षा तुमचं बोलणं नक्कीच जास्त खरं वाटेल.

आणि कधी चुकून ‘या’ निघून गेलंच, तर गडबडू नका. लगेच म्हणा, “इश माइने : डॉख.” म्हणजे, मला ‘डॉख’ म्हणायचं होतं. कुणालाही यात वावगं वाटत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पुन्हा आमची पाळी आली. रविवारी संध्याकाळी घरमालकीणबाई खालच्या दारात पत्रपेटी उघडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “पाटी अजून पुढच्या दारावर लावली नाहीत?” अर्थात जर्मनमध्ये, आणि ‘नॉख निश्ट’ अगदी स्पष्ट उच्चारून. मी दोन सेकंद थांबले.

“डॉख,” मी म्हणाले, “गेस्टर्न आबेन्ट शोन.” लावली की, काल संध्याकाळीच.

“आख झो,” त्या म्हणाल्या, आणि पत्रं घेऊन वर गेल्या.